झडतीनाना

नानांनी पहिल्याच भेटीत माझ्यावर चोरीचा संशय घेतला. ब्याण्णव-त्र्याण्णव सालची गोष्ट. मी नुकतीच नाशिकरोडच्या एका शाळेत लागले होते आणि शाळा सुटल्यावर वालदेवी नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या वाचनालयात सहज डोकावले होते. दोन मासिकं चाळली आणि निघाले, तर दाराशी स्टुलावर बसलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "पिशवी दाखवा." मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणताहेत. मागे वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं. पिशवीत डबा, तपासायच्या वह्या आणि घरून आणलेलं एक पुस्तक होतं. त्यांनी ते पुस्तक हातात घेऊन पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, मधली दोन-चार पाहिली. वाचनालयाचा शिक्का कुठेच नाही अशी खात्री झाल्यावरही चष्म्यावरून बघत विचारलं, "कुठून घेतलं?" माझी कानशिलं तापली. पुन्हा या दारात पाऊल ठेवायचं नाही असं मनाशी ठरवत होते, तेवढ्यात मागून गावातले एक बडे वकील आले. नानांनी त्यांनाही त्याच सुरात पिशवी मागितली. वकीलसाहेबांनी गप्प उघडून दाखवली. आत दोडकी होती. नानांनी दोडकीसुद्धा बाजूला सारून खाली पाहिलं, आणि का कोण जाणे, माझा राग निम्मा उतरला.

सगळे त्यांना तोंडावर नाना म्हणत आणि पाठीमागे झडतीनाना. त्यांना ते ठाऊक होतं. पाठीमागे कोण काय म्हणत असेल याचा संशय त्यांना आधीच असायचा, त्यामुळे कळलं तेव्हा वाईट न वाटता उलट समाधानच वाटलं असणार.

नोटा छापतात त्या प्रेसमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती. नाशिकरोडला घरटी एक माणूस प्रेसमधला, त्यामुळे गेटवरच्या झडतीचं आम्हाला कुणालाच नवल नाही. नाना मात्र तिच्याबद्दल फार प्रेमाने बोलायचे. एकदा मी विचारलं, रोज असं अंग चाचपून घ्यायचं म्हणजे अपमान वाटत नव्हता का? ते म्हणाले, "सुरुवातीला वाटायचा, बाई. मग रांगेत पुढचा कोण ते पाहिलं, मागचा कोण ते पाहिलं. पुढे साहेब, मागे झाडूवाला. दोघांचे हात वर. त्या दिवसापासून नाही वाटला." निवृत्त झाल्यावर फुकट काम करायला ते वाचनालयात आले आणि येताना गेट बरोबर घेऊन आले. त्यांच्या सदऱ्यांना खिसेच नसत. शिंप्याला तशी ताकीदच होती. चष्म्याचं घर, रुमाल, किल्ल्या, सगळं एका कापडी पिशवीत. आणि संध्याकाळी वाचनालय बंद करताना जो कुणी शेवटचा वाचक असेल त्याच्यासमोर ती पिशवी पालथी करायचे. त्याने पाहिल्याशिवाय कुलूप लागायचं नाही. उशीर झालेला तो बिचारा वाचक "राहू द्या हो नाना" म्हणत पळायला बघायचा, पण नाना सोडायचे नाहीत.

संशयाला त्यांनी विषय कधी कमी पडू दिला नाही. कुणी पुस्तकं देणगी द्यायला आला की दाता गेल्यावर म्हणायचे, "फुकट देतोय म्हणजे घरात वाळवी लागली असणार." मग ती पुस्तकं आठवडाभर गच्चीवर उन्हात पडायची. कोथिंबिरीची जुडी दोरा सोडून आतून पाहायचे. द्राक्षांच्या पेटीचा खालचा थर बघितल्याशिवाय वरच्या थराची चव घ्यायचे नाहीत, मग ती पेटी सख्ख्या व्याह्याने का पाठवलेली असेना. हवामान खात्याने पाऊस सांगितला तरी छत्री, नाही सांगितला तर हमखास छत्री. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना नानी म्हणायचो, एकदा मला म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून मी चहात साखर घातली की नाही ते चमच्याने ढवळून बघतात." असा माणूस घरात वागवणं सोपं नव्हतं. सुनेने तर वेगळं बिऱ्हाड केलं ते यापायीच, असं लोक म्हणत. आणि मला त्यात खोटं वाटत नाही.

वाचनालयात महिन्यातून एका रविवारी सामुदायिक वाचन व्हायचं. एकाने पुस्तकातला भाग मोठ्याने वाचायचा, मग चर्चा, मग चहा. अध्यक्षांच्या उत्साहामुळे त्या वर्षी विषय ठरला होता सामाजिक न्याय. अध्यक्ष म्हणजे बी-बियाण्यांचे व्यापारी, मनाने अगदी चांगले. कुणी दुखावलं जाऊ नये म्हणून ते इतके जपायचे की कुणी ना कुणी दुखावलं जायचंच. गावकुसाबाहेरच्या माणसांची आत्मकथनं, टाकलेल्या बायकांच्या कहाण्या, असं एकेक आम्ही वाचत होतो. वाचताना आमचे आवाज भरून यायचे. चर्चेत "त्यांना प्रवाहात आणलं पाहिजे" हे वाक्य प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचंच. नाना दाराशी स्टुलावर बसून ऐकायचे. एका रविवारी ते तिथूनच म्हणाले, "मला एक शंका आहे. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यातलं कोण बसलंय इथं?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. खिडकीतून वालदेवीच्या काठची पत्र्यांची वस्ती दिसत होती.

मग आम्ही वस्तीत आमंत्रण द्यायला गेलो आणि पुढच्या महिन्यातल्या वाचनाला मंदाबाई आल्या. बरोबर आणखी दोघीजणी. तिघीही भंगार वेचायच्या, आणि काम अर्धवट टाकून आल्यामुळे पाठीवर पोती होती. मंदाबाई चाळिशीच्या असतील. आवाज खणखणीत आणि नजर अशी की आपणच काहीतरी लपवत असल्यासारखं वाटावं. सगळा वेळ त्या भिंतीशी बसून ऐकत होत्या. एका बाईचं आत्मकथन चाललं होतं. घरातून निघून परमुलखात मजुरी करत पोरं वाढवणारी बाई. वाचन संपलं तेव्हा मंदाबाईंनी चर्चेत एकच प्रश्न विचारला, "पुढं काय झालं त्या बाईचं?" पुढचं पुढच्या महिन्यात, असं कळल्यावर त्या वैतागल्या.

निघताना नानांनी नेहमीसारखं म्हटलं, "पोतं दाखवा." सगळी खोली अवघडली. अध्यक्ष धावत आले, "अहो नाना, यांचं कशाला? यांना तरी नको." नानांनी ऐकलं नाही. पोत्यातल्या बाटल्या, पत्र्याचे डबे, पुठ्ठे एकेक करून बाहेर काढले, पाहिले, परत भरले. मंदाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मग त्या तिथेच थांबल्या आणि आमच्यातल्या प्रत्येकाची पिशवी उघडली जाते की नाही ते त्यांनी नीट पाहून घेतलं. माझी पर्स उघडली गेल्यावरच त्या पायऱ्या उतरल्या. पुढच्या महिन्यात मला म्हणाल्या, "म्हातारा लय खडूस हाय तुमचा. मला वाटलं, आमचंच बघतो का काय. म्हणून थांबले व्हते." त्यानंतर त्या प्रत्येक वाचनाला येऊ लागल्या.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात त्यांच्या पोत्यातून आमच्याच वाचनालयाचं पुस्तक निघालं. शिक्का स्वच्छ दिसत होता. खोलीत कुजबुज सुरू झाली. मंदाबाई म्हणाल्या, "कचऱ्याच्या कुंडीत सापडलं. तुमचं हाय म्हणून तर आनलं." नानांनी कुठली कुंडी, कधी सापडलं, बरोबर कोण होतं, असं सगळं विचारून घेतलं. मग पुस्तक ज्याच्या नावावर होतं त्या सभासदाकडे दुसऱ्या दिवशी जाऊन त्यालाही तेच सगळं विचारलं. त्याने रद्दी आवरताना ते चुकून टाकून दिलं होतं. मंदाबाईंचं नानांनी कौतुक केलं नाही की आभार मानले नाहीत. "जुळतंय," एवढंच म्हणाले.

आमच्या मंडळींना मात्र राहवलं नाही. आम्ही नाशिककर, आम्हाला सत्कार केल्याशिवाय चैन पडत नाही. पुढच्या वाचनाआधी टेबलावर शाल, नारळ आणि गुलाबाचं फूल आलं. अध्यक्षांनी "गरिबीतही जपलेला प्रामाणिकपणा" यावर भाषण केलं, सूत्रसंचालनाला मीच होते. मे महिन्याच्या उकाड्यात मंदाबाईंच्या खांद्यावर लोकरी शाल चढली. टाळ्या थांबल्यावर नाना दारातून म्हणाले, "परवा मीपण एक पुस्तक परत केलं. माझी शाल कुठाय?" सगळे हसले. नानांना विनोद करता येत नाही हे एव्हाना त्यांना कळायला हवं होतं. मंदाबाई हसल्या नाहीत. जाताना त्या मला जिन्यात म्हणाल्या, "बाई, शाल दिली तवा मला कळलं. ह्यांना आधी वाटत व्हतं मी चोर हाय." नारळ मात्र त्यांनी नेला, शाल खुर्चीवर घडी करून ठेवली होती.

मग ते प्राध्यापक आले. समतेवर बोलायला त्यांना बाहेरगावाहून बोलावलं होतं आणि ते बोललेही सुंदर. संपूर्ण सभागृह भारावलं होतं. खांद्याला शबनम अडकवून ते मोटारीकडे निघाले आणि दारात नाना. "पिशवी दाखवा." प्राध्यापकांना आधी समजलं नाही, समजल्यावर ते लालबुंद झाले. तुम्ही मला कोण समजता, असं त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, "कुणीच नाही. म्हणूनच दाखवा." शबनम शेवटी उघडली गेली, पण आमच्या अध्यक्षांना रात्रभर झोप लागली नसावी. आठवड्याच्या आत कार्यकारिणीची बैठक झाली. पाहुणे आणि सभासद हे आपलेच, त्यांची तपासणी यापुढे करू नये असं ठरलं. बाहेरून येणाऱ्यांची करावी. दाराशी पगारी शिपाई नेमला गेला. नानांचं वय झालं, त्यांना विश्रांती हवी, असंही कुणीतरी म्हणालं.

बाहेरून येणारं होतं कोण? फक्त वस्तीतल्या बायका. सभासद व्हायला राहत्या जागेचा पुरावा लागायचा, आणि पत्र्याच्या त्या घरांना पत्ताच नव्हता. हे मी बैठकीनंतर अध्यक्षांना सांगितलं तेव्हा ते कळवळून म्हणाले की त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. नसेलही.

त्या महिन्याचं वाचन संपलं, सगळे गप्पा मारत शिपायासमोरून निघून गेले आणि मंदाबाईंना त्याने हाताने थांबवलं. नाना मागच्या रांगेत बसले होते. ते उठले आणि आपली कापडी पिशवी त्यांनी शिपायापुढे धरली. शिपाई गोंधळला. नाना, तुम्ही सभासद, तुमची नाही बघायची, असं म्हणाला. नाना पिशवी मागे घेईनात. मंदाबाईंनी पोतं उचललं आणि त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी हौसेनं उघडता, नाना. मला उघडावी लागती. येगळं हाय ते." आणि त्या गेल्या. पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. आत्मकथनातली ती बाई तेव्हा कुठे एका गावात स्थिरावत होती.

मी आणि नाना वस्तीत गेलो. राहिलेला भाग मी घरी येऊन वाचून दाखवते, असं मी मंदाबाईंना सांगितलं. त्यांनी चहा दिला, पण मान हलवली. "गोष्ट ऐकायची हाय, पण तिथं बसून ऐकायची हाय. सगळ्यांत. घरी आणून दिलेलं लय खाल्लंय आमी." परत येताना नाना पुलावर थांबून म्हणाले, "खरंय तिचं. माझी झडती लटकी होती." इतका खचलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नानांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला. प्रेसच्या नोकरीत असतानाच हे वाचनालय उभं केलेल्या दहा-बारा जणांतले ते एक होते. अध्यक्ष घरी जाऊन विनवून आले. मी पण सांगून पाहिलं, की आता पुस्तक घरी नेता येणार नाही. जेवणानंतर पानभर तरी वाचल्याशिवाय नाना झोपायचे नाहीत, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. ते म्हणाले, "नाही नेणार. पण आता मी बाहेरचा. आता माझी पिशवी त्याला बघावीच लागेल."

ही बातमी मीच मंदाबाईंना जाऊन सांगितली. त्यांचा विश्वास बसला नाही. म्हातारा काहीतरी डाव करतोय, म्हणाल्या. तरी रविवारी आल्या, खरं आहे की नाही ते पाहायला. वाचन संपल्यावर मुद्दाम मागे राहिल्या. शिपायाने खाली मान घालून नानांची पिशवी टेबलावर ओतली. चष्म्याचं घर, रुमाल, किल्ल्या. अध्यक्ष दुसरीकडे बघत होते. आपल्याच उभ्या केलेल्या संस्थेच्या दारात तो खिसे नसलेला म्हातारा ताठ उभा होता. मला रडू येत होतं आणि नानांचा रागही येत होता. मंदाबाईंनी आपलं पोतं टेबलावर ठेवलं आणि शिपायाला म्हणाल्या, "हं, आता माझं बघ."

त्यानंतर ते दोघं दर महिन्याला त्या टेबलाशी एकामागे एक उभे राहिलेले मी बघत आले. आत्मकथन संपलं. शेवट मंदाबाईंना पटला नाही. ती बाई इतक्या लवकर कुणाला माफ करणार नाही, हे खोटं लिहिलंय, असं त्या भर चर्चेत म्हणाल्या. नानांनी मान डोलावली. मग दुसरी पुस्तकं आली, काही वर्षं गेली. कार्यकारिणीने नियम बदलला नाही. कदाचित आपण नियम बदलला तर आधी चुकलो होतो असं होईल, अशी त्यांना भीती असावी.

नाना गेले ते दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात. त्यांच्या छातीत दुखतंय असं नानींनी सांगितल्यावर डॉक्टर आले, तर नानांनी इंजेक्शनची बाटली हातात घेऊन तारीख वाचली म्हणे. नानींनी हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी हसलो आणि मग दोघींनाही आवरेना. माझ्यावर संशय घेणाऱ्या माणसाची मला इतकी सवय झाली होती की नंतर कितीतरी दिवस कुठूनही बाहेर पडताना मी पिशवीची चेन आपोआप उघडत होते.

वाचनालयात शोकसभा झाली. नानांच्या शिस्तीबद्दल, निष्ठेबद्दल पुष्कळ जण बोलले. अध्यक्ष तर बोलता बोलता थांबलेच. राजीनाम्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. शेवटी मंदाबाई भिंतीपासून उठल्या. कुणी नाव पुकारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "माझ्यावर संशय घेणारे जन्मभर भेटले. रोज भेटत्यात. पण माझ्यावर घेतो तेवढाच तुमच्यावर घेणारा हा एकच माणूस भेटला." मग जाऊन बसल्या. शोकसभा असल्यामुळे टाळ्या वाजवायचा प्रश्न नव्हता, तेवढी आमची सुटका झाली.

दोन मिनिटं शांत उभं राहून झालं आणि सगळे दाराकडे निघाले. टेबलाशी मंदाबाई पोचल्या. सवयीने शिपायाचा हात पुढे आला. अध्यक्षांनी व्यासपीठावरूनच त्याला खूण केली, आज राहू दे. शिपायाने हात मागे घेतला. मंदाबाई हलल्या नाहीत. त्यांनी वर पाहून अध्यक्षांना विचारलं, "आज राहू द्या. मंग पुढच्या रविवारी?"

दारात गर्दी तुंबली. मला वाटलं आपण पुढे व्हावं, पण माझ्या आधी अध्यक्ष व्यासपीठावरून उतरले. गर्दीतून वाट काढत टेबलापर्यंत आले, आपली चामडी बॅग शिपायापुढे ठेवली आणि स्वतःच्या हाताने उघडली. म्हणाले, "बघ. आणि सगळ्यांचीच बघ. पुढच्या रविवारीही." मग त्यांच्यामागे वकीलसाहेब, त्यांच्यामागे मी, अशी व्यासपीठापर्यंत रांग लागली.

अध्यक्षांनी ती बॅग मनापासून उघडली, की चारचौघांत दुसरा इलाज उरला नव्हता म्हणून, याची मला आजही शंका आहे. मंदाबाईंनाही असावी. त्यांचं पोतं तपासून झालं होतं, त्या केव्हाच घरी जाऊ शकत होत्या. पण त्या दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि शेवटच्या माणसाची पिशवी उघडून बंद होईपर्यंत एकेकाकडे निरखून बघत राहिल्या.